मालकी हक्काची बाजू

सरकारं येतील-जातील, माणसाच्या मालकीला हात लागता कामा नये, असं कोणी म्हणालं की पूर्वी मला त्याचा संशय यायचा. हा नक्की कोणाची जमीन वाचवायला निघाला आहे, हा माझा पहिला प्रश्न असे. मालमत्तेचा हक्क ही मला भरल्या घरांची मागणी वाटे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, २० जून १९७९ पासून तो कलम ३०० अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. ते योग्यच झालं, असं मी नागपूरला कायदा शिकताना मित्रांशी तावातावाने भांडून सांगितलं आहे. पुढे सिरोंच्यात वकिली सुरू केल्यावरही बरीच वर्षं माझं मत तेच होतं.

आता ते राहिलेलं नाही. सत्ता बदलली तरी जमिनीच्या खासगी मालकीचं रक्षण झालंच पाहिजे, असं मी आज म्हणतो, आणि ते दोन एकरवाल्यासाठी म्हणतो. माझं जुनं बोलणं ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हे कसं घडलं ते सांगणं मला भाग आहे.

जुन्या मताला आधार आमच्याच तालुक्याचा होता. मध्यप्रदेशात मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी इथल्या जमीनदाऱ्या, मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. तेव्हा सिरोंचा तहसील अफाट होती, ती चांदा जिल्ह्यात होती आणि चांदा मध्यप्रदेशात. अहेरीची जमीनदारी याच तहसिलीतली. तिचे जमीनदार विश्वेश्वरराव सर्वोच्च न्यायालयात गेले. दरभंग्याचे कामेश्वरसिंह बिहारच्या कायद्याविरुद्ध भांडत होते त्याच सुमारास हेही प्रकरण चाललं, आणि १९५२ च्या मे महिन्यात न्यायालयाने मध्यप्रदेशाचा कायदा उचलून धरला. वर्गात हा निकाल शिकवताना सिरोंच्याचं नाव आलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. लोकांच्या सरकारने जमीनदाराची मालकी मोडली, तिचा निवाडा आमच्या मुलखातल्या खटल्यात झाला, ही भावना मोठी होती. त्या मालकीचा पूर्वेतिहासही मला ठाऊक होता. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठले, अहेरीच्या लक्ष्मीबाईंच्या मदतीने पकडले गेले, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फासावर चढले, आणि जप्त झालेल्या मुलखातला भाग अहेरीला बक्षीस मिळाला. अशा मालकीला कायद्याचं कवच कशाला, असं मी विचारत असे. जमीनदारी गेली ते बरंच झालं, हे माझं मत आजही तसंच आहे.

ज्या गोष्टीकडे माझं लक्ष नव्हतं ती वेगळीच होती. जमीनदाराची मालकी गेली, पण जाताना त्याचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतलं. कायद्यात त्याच्यासाठी मोबदला होता. त्याची घरची शेती, म्हणजे सीर आणि खुदकास्त, त्याच्याकडेच राहिली. त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या निस्तार करणारी, सरपण, बांबू, मोहफूल आणि चराईवर जगणारी गावं मात्र त्या खटल्यात कुठेच नव्हती. त्यांचा काही हक्क आहे आणि तोही या उलथापालथीत सापडला आहे, हे बोलायला कोणी उभं राहिलं नाही. जंगल जमीनदाराकडून सरकारकडे गेलं आणि गावाच्या हक्काची सवलत झाली. सवलत कमी-जास्त करता येते. २००६ चा वनहक्क कायदा येईपर्यंत हे असंच चाललं. त्या कायद्याच्या प्रास्ताविकात ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे मोठ्या मालकाच्या तक्रारीचा निकाल साधारण वर्षभरात लागला, आणि गावाच्या हक्काला कागद मिळायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. सत्ताबदलात मालकीचं रक्षण नको, असं म्हणताना मी प्रत्यक्षात कोणाचं नुकसान मान्य करत होतो, हे मला या हिशेबातून पहिल्यांदा दिसलं.

मग मी आणखी मागे गेलो. सिरोंच्याची माती जागची हलली नाही, पण तिचं सरकार सारखं बदलत राहिलं. २६ डिसेंबर १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं. १८७४ साली तो जिल्हा मोडला, भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रासकडे गेले, सिरोंचा चांद्याला जोडला. नूगूर, अल्बाका, चेर्ला हे आमचे सोबती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात गेले आणि आज तेलंगणात आहेत. आम्ही मध्यप्रांत, मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा, अशी वाट चाललो. जुन्या दस्तांच्या गठ्ठ्यात एकाच शेताला कुठे मलिक-मकबुजा, कुठे भूमीस्वामी, कुठे भोगवटादार वर्ग १ म्हटलेलं सापडतं. नांगर धरणारं घराणं तेच असतं.

अशा बदलात जुन्या मालकीचं काय होतं? कायद्याचं उत्तर वाचून मी हादरलो. योगायोग असा की ते उत्तर १८६० च्या त्याच डिसेंबरात इंग्रजांकडे आलेल्या दुसऱ्या मुलखाच्या खटल्यात आहे. १२ डिसेंबर १८६० च्या तहाने शिंद्यांनी पंचमहाल इंग्रजांना दिला. तिथल्या तालुकदारांना इंग्रजांनी पट्टे करून दिले. पुढे वाद झाला तेव्हा ते म्हणाले, आम्ही पट्टेदार नाही, शिंद्यांच्या आधीपासूनचे मालक आहोत. वाजेसिंहजी जोरावरसिंहजी यांचं हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९२४ साली लॉर्ड डुनेडिन यांनी निकाल दिला त्याचा मथितार्थ असा: मुलूख नव्या सत्तेकडे आला की रहिवाशाला तिच्या न्यायालयात तेवढेच हक्क मागता येतात जेवढे त्या सत्तेने आपल्या अधिकाऱ्यांमार्फत मान्य केले, आधीच्या राजवटीत काय होतं त्याचा काही उपयोग नाही. तहात रहिवाशांच्या मालमत्तेचं रक्षण करू असं लिहिलं असलं तरी रहिवासी त्या कलमावर दावा लावू शकत नाही, कारण तह दोन सत्तांमधला असतो.

म्हणजे नव्या सरकारचा अधिकारी ज्याला मालक म्हणेल तो मालक. मध्यप्रांतात १८६० च्या दशकातल्या जमाबंदीने हेच केलं. ज्यांचं काम वसुली करून सरकारात भरणा करण्याचं होतं त्या मालगुजारांना इंग्रजांनी गावाचे मालक म्हणून नोंदवलं, आणि जमीन कसणारे कूळ झाले. १९५१ साली आपण जी मालकी मोडली तिचा बराचसा भाग त्या मान्यतेतूनच निर्माण झाला होता. त्यामुळे जमीनदारी निर्मूलन आणि लहान शेतकऱ्याच्या मालकीचं रक्षण या दोन मागण्या मला आता परस्परविरोधी वाटत नाहीत. एका सत्ताबदलात कसणाऱ्याचा हक्क डावलला गेला नसता, तर दुसऱ्या सत्ताबदलात तो परत मिळवण्याची वेळ आली नसती.

जगात याहून वेगळा नियम होता आणि तो जुना होता. स्पेनने फ्लोरिडा अमेरिकेला दिलं. तिथल्या पर्चमन नावाच्या माणसाकडे १८१५ साली स्पॅनिश गव्हर्नरने दिलेली दोन हजार एकर जमीन होती. १८३३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती त्याची ठरवली. सरन्यायाधीश मार्शल यांचं म्हणणं होतं की सत्ता बदलली म्हणजे लोकांची राजनिष्ठा बदलते, त्यांची मालमत्ता बदलत नाही. हे वाचून आनंद होतो तोवर मार्शल यांचाच १८२३ चा जॉन्सन खटल्याचा निकाल समोर येतो. त्यात मूळ रहिवासी जमातींना त्यांच्याच जमिनीवर फक्त वहिवाटीचा हक्क मानला. मालकी नव्याने आलेल्या सत्तेची. गव्हर्नरचा कागद असलेल्याची जमीन राहिली, कागद नसलेल्याची गेली. आमच्या आदिवासी पट्ट्यात राहणाऱ्याला हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचताना जे वाटतं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काय झालं? नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात १९५४ साली वीरेंद्रसिंह खटल्यात जुन्या नियमाला नकार दिला. बुंदेलखंडातल्या संस्थानिकांनी १९४८ साली दिलेली गावं उत्तर प्रदेश सरकारने १९५२ साली काढून घेतली होती. बोस यांनी निक्षून सांगितलं की संविधान लागू झाल्यावर सरकार आपल्याच नागरिकाविरुद्ध सत्तेच्या कृत्याची, म्हणजे सार्वभौम सत्तेच्या कृतीवर न्यायालयात दाद मागता येत नाही या तत्त्वाची, ढाल पुढे करू शकत नाही. हा निकाल मी आजही अधूनमधून काढून वाचतो. पण १९६४ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने व्होरा फिदाअली खटल्यात पुन्हा वाजेसिंहजींचाच नियम धरला. तिथे संत संस्थानच्या राजाने विलीनीकरणाच्या तोंडावर, १२ मार्च १९४८ रोजी, ठराव करून जहागीरदारांना जंगलाचे पूर्ण हक्क देऊन टाकले होते. मुंबई सरकारने ते मानले नाहीत. या प्रकरणातला निकाल मला पटतो. जाता जाता सत्ताधाऱ्याने मर्जीतल्यांना वाटलेली जंगलं पुढच्या सरकारने का सोसायची? मला खटकतो तो निकालामागचा नियम. तो असा ठराव मिळवणाऱ्याला आणि शंभर वर्षं नांगर धरणाऱ्याला एकाच मापाने मोजतो. मालकीचं रक्षण हवं म्हणताना मला ठेका, परवाना, खाणपट्टा यांचं रक्षण अभिप्रेत नाही. कसलेली जमीन आणि राहतं घर, एवढंच माझ्या मनात आहे.

हे सगळं पुस्तकातलं झालं. माझं मत खऱ्या अर्थाने पालटलं ते मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्यामुळे.

अविभाजित आंध्रात प्राणहिता-चेवेल्ला योजना आखली गेली तेव्हा बंधारा तुम्मिडीहट्टीला व्हायचा होता, वर्धा-वैनगंगेच्या संगमाखाली, आमच्यापासून बऱ्याच वरच्या अंगाला. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं, नवं सरकार आलं, योजनेचा आराखडा बदलला आणि बंधारा खाली गोदावरीवर मेडीगड्ड्याला आला. या काठाला आमचं पोचमपल्ली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन राज्यांचा करार झाला, पाण्याची पातळी १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ रोजी उद्घाटन झालं तेव्हा तीन राज्यांचे मुख्यमंत्री हजर होते. २०२२ च्या जुलैतल्या पुरात सिरोंचा तालुक्याच्या नदीकाठाने जे भोगलं ते काठावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी बंधाऱ्याच्या सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. दीड महिन्यात तेलंगणात सत्ता बदलली. चौकशी आयोग बसला, न्यायमूर्ती घोष यांचा अहवाल ३१ जुलै २०२५ ला सादर झाला. आता दुरुस्तीची बोलणी आहेत आणि तुम्मिडीहट्टीचं नावही परत निघालं आहे. म्हणजे नदीपलीकडे सरकार बदललं की पाणी कोणाच्या शेतात शिरणार ते बदलतं, आणि त्या सरकारला आमच्या काठावरच्या एकाही माणसाचं मत नसतं. इकडेही २०१६ पासून मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले. एकाने दिलेलं आश्वासन दुसऱ्याला आठवावं म्हणून शेतकऱ्यांना तहसील कार्यालयासमोर साखळी उपोषणाला बसावं लागलं.

त्या दिवसांत माझ्याकडे नदीकाठच्या एका गावातली म्हातारी आली. घरात तेलुगू बोलणारी, कामापुरतं मराठी. पावणेदोन एकर रान, मिरची लावायची. मी तिच्यासोबत शेतावर गेलो. बांधाच्या टोकाला काठ उभा कापल्यासारखा तुटला होता, मुळं हवेत लोंबत होती, आणि हद्दीचा दगड खाली चिखलात तिरपा पडला होता. तो दगड आधी कुठे होता हे ती पाण्याकडे बोट करून दाखवत होती. नदीने जमीन नेली तर कायदा शेतसारा कमी करून देतो; शेतसारा किती असतो हे शेतकऱ्याला विचारा. नुकसान पावसाच्या पुराचं की बंधाऱ्याच्या फुगवट्याचं, यावर दोन राज्यांच्या खात्यांमध्ये लिखापढी चालू होती. आणि तिच्या सातबाऱ्यावर नाव होतं सासऱ्याचं. सासरा जाऊन जमाना झाला, नवराही गेला, वारस फेरफार कोणी केलाच नव्हता. त्यात सासऱ्याचं नाव लिहिताना घराण्याचं नाव पुढचं मागे झालेलं, एक अक्षर चुकलेलं. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं, मराठी कारकून ते शेवटी लिहितो, पुढचा कारकून पुन्हा उलटं करतो. तीन कागदांवर तीन माणसं तयार होतात.

मी मोबदल्याचं बोलू लागलो. तिने मला थांबवलं. म्हणाली, "पैशाचं मग बोलू, सार. आधी माझं नाव कुठं आहे ते दाखवा."

मला दाखवता आलं नाही.

या बंधाऱ्यासाठी इकडची काही जमीन थेट खरेदीने घेतली गेली. महाराष्ट्रात १२ मे २०१५ च्या शासन निर्णयाने ही वाट खुली झाली. तिचा गुण म्हणजे पैसे लवकर मिळतात. दोष असा की खरेदीखत सातबाऱ्यावरच्या नावाशी होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या मोठी आहे. तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेला बटईदार, शेतमजूर, कूळ असे सगळे त्यात येतात, सामाजिक परिणामांचं मूल्यमापन येतं, जनसुनावणी येते. थेट खरेदीत हे काही नाही. वारस न लागलेली विधवा, वनहक्काचा दावा पडून असलेला कोलाम किंवा माडिया, भावाच्या नावावरची शेती कसणारा भाऊ, हे सगळे खरेदीच्या टेबलापाशी पोचतच नाहीत. मालकी हक्क ही श्रीमंतांची मागणी आहे असं मी म्हणत होतो तेव्हा ही माणसं माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. श्रीमंताला संविधानातल्या कलमाची फारशी गरज नसते. त्याची कागदपत्रं चोख असतात, त्याला मंत्रालयात ओळख असते, सरकार बदललं तर तो नव्या सरकारशी आठवड्याभरात बोलणी सुरू करतो. ज्याला यांतलं काहीच नाही त्याच्यासाठी कायद्याचं संरक्षण हीच एकमेव ताकद असते.

नदीपलीकडे पाहिलं तर हेच दिसतं. आमच्या अर्ध्या गावांची सोयरीक तिकडे, लेकी तिकडे दिलेल्या, त्यामुळे तिकडच्या जमिनीचे कागद माझ्याकडे येतात. २०२० साली तेलंगण सरकारने गावपातळीचे महसूल अधिकारी रद्द केले आणि २९ ऑक्टोबरला धरणी नावाची संगणकीय नोंद सुरू केली. ज्यांची नोंद चुकली त्यांना महसूल खात्यात अपिलाची सोय राहिली नाही, दिवाणी कोर्ट गाठा म्हणाले. सरकार बदललं, १४ एप्रिल २०२५ ला धरणी गेली आणि भू भारती आली, तिच्यात अपील परत आलं. आंध्रात एका सरकारने जमिनीच्या हक्कनोंदीचा नवा कायदा केला, पुढच्याने २०२४ साली येताच तो रद्द केला. अमरावती राजधानीसाठी शेतकऱ्यांनी सुमारे ३३ हजार एकर जमीन सरकारच्या स्वाधीन केली. २०१९ साली नवं सरकार आलं आणि राजधान्या तीन करू म्हणालं. जमीन देऊन बसलेले लोक वर्षानुवर्षं आंदोलनात बसले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. यात कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट हे मला सांगायचं नाही. शेतकऱ्याने ज्याच्याशी व्यवहार केला ते सरकार पाच वर्षांनी दुसरं असतं आणि ते म्हणतं की तो आमचा शब्द नव्हता, हे मला असह्य होतं.

गोव्याचा अनुभव आणखी वेगळा. १९६१ साली पोर्तुगीज गेले, जुने दस्त पोर्तुगीज भाषेत अभिलेखागारात राहिले, अनेक मालक परदेशी गेले. साठ वर्षांनी त्याच दस्तांच्या नकली प्रती घुसवून जमिनी लाटल्याची प्रकरणं एवढी निघाली की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक आणि न्यायमूर्ती जाधव यांचा आयोग नेमावा लागला.

माझे जुने मित्र विचारतात, हा हक्क बळकट केलास तर त्याचा फायदा बिल्डर घेणार नाहीत का? घेतील. तो धोका मी नाकारत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संपत्ती ठरत नाही, असा निर्णय दिला. ते मूळ प्रकरण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींचं, मालक संघटनेने लढलेलं. पूर्वी मी अशा निकालावर संतापलो असतो. आता मी त्याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवतो. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७ साली रस्त्यासाठी घेतली, मोबदला दिला नाही. ती न्यायालयात आली तेव्हा सरकार म्हणालं, इतकी वर्षं कब्जा आमचा आहे, म्हणून जमीन आमची. ८ जानेवारी २०२० ला, ती ऐंशीच्या घरात असताना, सर्वोच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं आणि मोबदला द्यायला लावला. तिच्या हातात होतं ते कलम ३०० अ. जो हक्क दुबळा झाला तरी चालेल असं मी एकेकाळी म्हणत होतो, त्याच्या जोरावर ती जिंकली.

आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे परवानगी लागते. काही लोक याला मालकीवरचं बंधन म्हणतात आणि माझ्या नव्या मताचा दाखला देऊन ते उठवावं असं सुचवतात. मी त्यांच्यासोबत नाही. हे कलम मालकी टिकवण्यासाठी आहे, आणि सरकार कोणतंही आलं तरी ते राहिलं पाहिजे.

मला हवं आहे ते अवघड नाही. दोन राज्यं नदीवर करार करतात तेव्हा काठावरच्या जमिनीची संयुक्त मोजणी आधी व्हावी, आणि कसणाऱ्याचं नाव, मग ते सातबाऱ्यावर असो वा नसो, त्या मोजणीच्या कागदावर यावं. मोबदल्याचं आश्वासन भाषणात न राहता शेतकऱ्याच्या हातात सहीशिक्क्याचा लेख म्हणून पडावं, म्हणजे पुढचं सरकार आल्यावर तो कोर्टात दाखवता येईल. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नाही, विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्यातली नोंद खरी मानतात इतकंच; म्हणून ती नोंद चुकू न देणं हे सरकारचं कर्तव्य ठरावं, शेतकऱ्याची धावपळ नव्हे.

सिरोंचा, अंकिसा, आसरअल्लीकडच्या आणि वर चपराळ्याच्या बाजूच्या नदीकाठच्या माझ्या वाचकांना एक विनंती आहे. बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा किंवा नव्या बंधाऱ्याचा निर्णय कोणतंही सरकार कधीही घेईल. त्याआधी आपल्या शेताचा सातबारा काढून घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. मेलेल्या माणसाचं नाव असेल तर या पावसाळ्याच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या, त्यात बायांची नावं घाला, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.